टॉर ब्राउझर आणि स्नोफ्लेक : बंदी आल्यावरच ज्यांची परीक्षा होते

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर काही वर्षे एक इराणी विद्यार्थिनी भाड्याने राहत होती. इराणी विद्यार्थी पुण्याला नवे नाहीत, त्यामुळे तिच्या असण्याचे आम्हाला नवल नव्हते. रोज रात्री जेवणानंतर गच्चीवर येरझाऱ्या घालत ती आईशी व्हॉट्सॲपवर बोलत असे आणि ते बोलणे आमच्या घरच्या आवाजांपैकीच एक होऊन गेले होते. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस ते थांबले. १६ सप्टेंबरला महसा अमिनी ही तरुणी तेहरानमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली, देशभर निदर्शने सुरू झाली आणि २१ सप्टेंबरला तिथल्या सरकारने इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप दोन्ही बंद केली. फेसबुक आणि ट्विटर तिथे २००९ पासून बंद होती, टेलिग्रामवर २०१८ मध्ये बंदी आली होती. सामान्य माणसाच्या हाती उरलेली शेवटची दोन मोठी परदेशी माध्यमे त्या दिवशी गेली.

अशी बंदी ओलांडणाऱ्या कोणत्याही साधनाला फारसीत 'फिल्टरशेकन' म्हणतात. शब्दाचा अर्थच फिल्टर फोडणारा. चिनी लोक त्याच कृतीला भिंत ओलांडणे म्हणतात. आमच्या भाडेकरणीच्या आईच्या फोनवर असे चार फिल्टरशेकन होते आणि त्या आठवड्यात चारही एकापाठोपाठ एक निकामी झाले. पाचवा म्हणून तिने आईला जे घ्यायला लावले ते टॉरच्या जाळ्यावर, म्हणजे वापरणाऱ्याची ओळख लपवून बंदी ओलांडू देणाऱ्या स्वयंसेवकांच्या यंत्रांच्या जाळ्यावर चालणारे ऑरबॉट हे ॲप होते. त्या निमित्ताने मी स्वतः टॉर ब्राउझर रोजच्या वापरात आणला आणि काही दिवसांतच स्नोफ्लेक हे त्याला पूरक असलेले, बंदीतल्या इतरांना वाट देणारे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) माझ्या संगणकावर चालवू लागलो. दोन्ही तेव्हापासून सतत वापरात आहेत. हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे.

अशा साधनांची परीक्षणे बहुतेक वेळा वेगावर लिहिली जातात. पुण्या-मुंबईतल्या मोकळ्या ब्रॉडबँडवर कोणते व्हीपीएन (आपली माहिती एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवून नेणारी सेवा) किती वेगाने चित्रपट दाखवते, कोणत्या कंपनीचे किती देशांत सर्व्हर आहेत, वार्षिक वर्गणी किती, अशा तुलनांनी रकाने भरतात. मला ही कसोटी मुळातच चुकीची वाटते, कारण जिथे या साधनांची खरी गरज आहे तिथे पहिला प्रश्न वेगाचा नसतो. माझी कसोटी अशी आहे : ज्या दिवशी सरकार हे साधन ओळखते, त्याचे संकेतस्थळ, त्याचे सर्व्हर आणि त्याच्या माहितीच्या वाहतुकीची ठेवण या सगळ्यांवर बंदी घालते, त्याच्या दुसऱ्या दिवशी वापरणाऱ्याच्या हातात काय उरते? या कसोटीला टॉरइतके उतरणारे दुसरे साधन मी वापरलेले नाही आणि त्याचे कारण त्याच्या घडणीत आहे.

वापराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात अवघड असे फारसे नाही. टॉर ब्राउझर हा फायरफॉक्सवर बेतलेला, विनामूल्य आणि मुक्त स्रोत असलेला ब्राउझर आहे. तो विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालतो. आयफोनसाठी त्याच प्रकल्पाने शिफारस केलेला ऑनियन ब्राउझर वेगळा घ्यावा लागतो. फाइल उतरवायची, उघडायची, 'कनेक्ट' हे बटण दाबायचे आणि काही सेकंद थांबायचे, एवढेच काम. नोंदणी नाही, ईमेल विचारला जात नाही, पैसे मागितले जात नाहीत. सुरक्षिततेच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर जावास्क्रिप्ट (पानांतील बटणे, फॉर्म असे भाग चालवणारी भाषा) बंद होते आणि आजची निम्मीअधिक संकेतस्थळे मोडकी दिसू लागतात, म्हणून मी स्वतः मधली पायरी वापरतो. ब्राउझर अनेक भाषांत उपलब्ध आहे. फारसी, रशियन, चिनी आणि बर्मीही त्यांत आहेत, पण मराठी नाही, ही उणीव मला खटकते. मराठी मजकूर मात्र नीट दिसतो, आणि त्यामागे विचार आहे. एखाद्याच्या संगणकावर कोणकोणते फाँट आहेत यावरूनही संकेतस्थळ त्याला ओळखू शकते, म्हणून टॉर ब्राउझर ठरावीक फाँटच वापरू देतो आणि त्या ठरावीक फाँटांमध्ये देवनागरीची सोय ठेवलेली आहे.

आता घडणीकडे वळू. व्हीपीएनमध्ये तुमची सगळी वाहतूक एका कंपनीच्या सर्व्हरमधून जाते. तुमच्या इंटरनेट सेवादात्याला तुम्ही काय पाहता ते कळत नाही, पण त्या कंपनीला ते सारे कळू शकते. म्हणजे विश्वास फक्त एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवलेला असतो. टॉरमध्ये वाहतूक तीन वेगवेगळ्या स्वयंसेवकांच्या यंत्रांतून, सांकेतिक लिपीच्या तीन वेष्टनांत गुंडाळून जाते. पहिल्या यंत्राला तुम्ही कोण ते ठाऊक असते पण कुठे चालला आहात ते नसते, शेवटच्याला कुठे जायचे ते ठाऊक असते पण कोण आले ते नसते, आणि मधल्याला दोन्ही ठाऊक नसते. ही कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली, टॉरचे जाळे २००२ मध्ये प्रत्यक्ष सुरू झाले आणि २००६ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था स्थापन झाली. तिच्या निधीचा मोठा वाटा वर्षानुवर्षे अमेरिकी सरकारी खात्यांकडून आला आहे आणि त्यावर घेतला जाणारा आक्षेप मी हलका मानत नाही. मात्र प्रोग्रॅमची सगळी मूळ संहिता कोणालाही पाहण्यास उघडी आहे, यंत्रे जगभरातील हजारो अनोळखी लोकांची आहेत, आणि एका हाताला सारे कळू नये हेच रचनेचे सूत्र असल्याने पैसा देणाऱ्याच्या हेतूवर विसंबावे लागत नाही.

परंतु या रचनेत एक दुखरी जागा आहे. टॉरमधील यंत्रांची यादी सार्वजनिक असते. ती तशी असावीच लागते, नाहीतर ब्राउझरला वाट सापडणार नाही. ज्या सरकारला टॉर नको आहे त्याने ती यादी घ्यावी आणि त्या यंत्रांचे इंटरनेटवरील सगळे पत्ते बंद करावेत, इतके हे सोपे आहे. चीनने सप्टेंबर २००९ मध्ये नेमके हेच केले. यावरचा उपाय म्हणून 'ब्रिज' आले, म्हणजे सार्वजनिक यादीत नसलेली प्रवेशद्वारे, ज्यांचे पत्ते मागेल त्याला थोडेथोडे करून दिले जातात. मग चिनी यंत्रणेने पुढचे पाऊल टाकले आणि ते मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगे वाटते. देशाबाहेर जाणारी एखादी जोडणी संशयास्पद दिसली की थोड्याच वेळात चीनमधील कोणता तरी संगणक त्याच पत्त्याला जोडून टॉरच्या भाषेत बोलून पाही. समोरून टॉरच्या भाषेत उत्तर आले की तो पत्ता बंद. घरात कोण आहे हे पाहण्यासाठी दार वाजवून पळण्यासारखा हा प्रकार होता आणि २०११ पासून तो मोठ्या प्रमाणावर दिसू लागला.

यातून जो ऑब्फ्स-फोर नावाचा ब्रिज घडला त्याची युक्ती मला फार आवडते. ब्रिजच्या पत्त्याबरोबर वापरणाऱ्याला एक गुप्त किल्लीही मिळते. ती किल्ली ज्याच्याजवळ नाही त्याने कितीही दार वाजवले तरी आतून काहीच उत्तर येत नाही. आणि जी वाहतूक चालते ती कोणत्याही ओळखीच्या भाषेसारखी न दिसता निव्वळ विस्कटलेल्या अंकांसारखी दिसते. पुढे चिनी यंत्रणेने 'कशासारखेच न दिसणे' हेच संशयाचे लक्षण मानायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२१ पासून तिथे पूर्णपणे विस्कटलेली दिसणारी वाहतूक अडवली जाऊ लागली आणि संशोधकांनी तिचे नियम बाहेरून मोजून दाखवले. म्हणून आता उलट दिशेने विचार झालेला आहे. मार्च २०२४ मध्ये आलेला वेबटनल हा ब्रिज एखाद्या सर्वसाधारण संकेतस्थळाला भेट दिल्यासारखाच दिसतो. त्याला अडवायचे तर तशा दिसणाऱ्या असंख्य निरुपद्रवी भेटीही अडवाव्या लागतील.

बंदी घालणाऱ्याला बंदीची किंमत मोजायला लावणे ही कल्पना याआधी मीक या ब्रिजने वापरली होती. वरवर पाहता जोडणी गूगल किंवा ॲमेझॉनच्या मोठ्या सेवेकडे चालली आहे असे दिसे आणि आतला पत्ता वेगळा असे. २०१८ च्या एप्रिलमध्ये या दोन्ही कंपन्यांनी आपापल्या सेवांत ती सोय बंद केली. त्याच महिन्यात रशियाने टेलिग्राम अडवण्याच्या प्रयत्नात या दोन कंपन्यांचे लाखो पत्ते बंद केले, कितीतरी असंबंधित दुकाने, खेळ आणि सेवा कोलमडल्या, टेलिग्राम मात्र बऱ्यापैकी चालू राहिले, आणि जून २०२० मध्ये बंदीच उठवावी लागली. मोठ्या कंपन्यांची सावली मिळणे किती उपयोगी असते हे या प्रसंगाने दाखवले, आणि ती सावली त्या कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून असते हेही.

स्नोफ्लेक या सगळ्यांहून वेगळा आहे आणि या परीक्षणातील माझी सर्वांत मोठी पसंती त्यालाच आहे. ब्रिज कितीही लपवला तरी तो एका पत्त्यावर टिकून राहणारा सर्व्हर असतो, आज ना उद्या सापडतो. स्नोफ्लेकमध्ये प्रवेशद्वार म्हणजे माझ्यासारख्या कोणा सामान्य माणसाचा चालू ब्राउझर. मी फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन बसवून ठेवले आहे. बंदीच्या प्रदेशातील कोणी जोडू पाहतो तेव्हा मध्यस्थ सर्व्हर आम्हा दोघांची गाठ घालून देतो आणि त्याची वाहतूक माझ्या घरच्या जोडणीतून टॉरच्या जाळ्यात शिरते. आमच्यातील संवाद वेबआरटीसी या पद्धतीने होतो, जी ब्राउझरमधल्या व्हिडिओ बैठकांसाठी रोज वापरली जाते. मी संगणक मिटला की तो दुवा विरघळतो आणि त्याला दुसरा कोणी दिला जातो. हिमकणाचे नाव त्यावरूनच आले. असे हजारो कण सतत येतात-जातात आणि त्यांचे पत्ते घरगुती जोडण्यांचे असल्याने त्यांची यादी करून संपत नाही.

आमच्या घरात पहिला प्रश्न सौ.नेच विचारला, की अनोळखी माणसाने काही भलतेसलते केले तर पोलीस आपल्या दारात येतील का. प्रश्न योग्य आहे आणि एक्स्टेन्शन बसवणाऱ्या प्रत्येकाने तो विचारावा. उत्तर असे की माझा संगणक हा प्रवेशाचा दुवा आहे, बाहेर पडण्याचा नाही. तो माणूस जे संकेतस्थळ उघडतो त्याला माझा पत्ता दिसत नाही, तर टॉरच्या जाळ्यातील शेवटच्या यंत्राचा दिसतो. आणि माझ्याकडून जाणारी वाहतूक आधीच वेष्टनांत असल्याने तो काय पाहतो ते मलाही कळत नाही. मला दिसते ते एवढेच, की गेल्या चोवीस तासांत माझ्या कणाने किती जणांना मदत केली. कधी तो आकडा शून्य असतो, कधी दोन, आणि एखाद्या दिवशी अचानक बराच वर जातो. त्या दिवशी मी बातम्या उघडून कोणत्या देशात काय घडले ते पाहतो. घरच्या ब्रॉडबँडवर वेगाचा फरक जाणवलेला नाही. मात्र आपल्याकडील अनेक सेवादाते कित्येक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात आणि अशा जोडणीवरचा कण सगळ्यांना जोडता येत नाही. फोनवर हेच काम करायचे असेल तर ऑरबॉटमध्ये 'काइंडनेस मोड' नावाची सोय आहे.

टॉर ब्राउझरमध्ये स्नोफ्लेक जुलै २०२१ मध्ये कायमचा समाविष्ट झाला आणि त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षात त्याच्यावर दोन मोठे घाव पडले. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने टॉर अडवायला सुरुवात केली. त्या काळात तिथे रोज तीन लाखांहून अधिक लोक टॉर वापरत होते आणि वापरणाऱ्यांच्या संख्येत रशियाचा क्रमांक दुसरा होता. कायदेशीर आधार म्हणून सारातोव्ह येथील न्यायालयाचा २०१७ चा एक निकाल पुढे करण्यात आला, आणि प्रत्यक्ष अडवणूक झाली ती २०१९ च्या 'सार्वभौम इंटरनेट' कायद्यानुसार सेवादात्यांच्या जाळ्यात बसवलेल्या तपासणी यंत्रांनी. त्या यंत्रांनी स्नोफ्लेक कसा ओळखला, तर दोन बाजूंच्या पहिल्या नमस्काराच्या संदेशात एक तांत्रिक तपशील असा होता जो खऱ्या ब्राउझरच्या संदेशात नसतो. तो काढून टाकल्यावर कण पुन्हा वाहू लागले. दरम्यान टॉर प्रकल्पाने दोनशे नवे ब्रिज उभे करण्याचे आवाहन केले होते आणि स्वयंसेवकांनी ते उद्दिष्ट कितीतरी मागे टाकले.

दुसरा घाव इराणमधला, आणि तो आमच्या गच्चीपर्यंत पोहोचला. सप्टेंबरअखेरीस ऑरबॉटमधून स्नोफ्लेकच्या आधारे आईचे संदेश येऊ लागले होते. बोलणे होत नव्हते, कारण टॉरमधून फोनसंभाषणाची वाहतूक जातच नाही, आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत मोबाइलचे इंटरनेट बंद ठेवले जाई ते वेगळेच. पण लिहिलेले शब्द येत होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तेही एकाएकी थांबले. मुलीला वाटले आईला काही झाले. खरे कारण पुढे कळले. मध्यस्थ सर्व्हरशी गाठ घालण्यासाठी स्नोफ्लेक जी पहिली जोडणी करतो, तिच्या संदेशातील घटकांचा क्रम तो ज्या संगणकभाषेत लिहिला आहे तिच्यातील तयार संकेतसंचाचा (लायब्ररीचा) होता, कोणत्याही प्रचलित ब्राउझरचा नव्हता. इराणी यंत्रणेने तेवढ्यावरून तो हेरला होता. उपाय म्हणून तो संदेश प्रचलित ब्राउझरसारखाच दिसेल असा करण्यात आला आणि नव्या आवृत्त्या निघाल्या. नवी आवृत्ती शिराझमधल्या आईच्या फोनवर चढायला पुढे आणखी काही दिवस गेले, कारण ती उतरवून घ्यायलाही चालणारे इंटरनेट लागत होते. पण ती चढली आणि संदेश पुन्हा येऊ लागले. मी वर जी कसोटी सांगितली ती कागदावर सुचलेली नाही, त्या पंधरवड्यात सुचली आहे.

ब्राउझरमध्ये या सगळ्याची गुंतागुंत आता वापरणाऱ्याला फारशी दिसत नाही, याचे श्रेय द्यायला हवे. पूर्वी ब्रिज कोठून मिळवायचा, कोणत्या देशात कोणता चालतो हे आपणच शोधावे लागे. २०२२ च्या उन्हाळ्यापासून जोडणी अडली तर ब्राउझर स्वतःहून मदत देऊ करतो, तुम्ही कोणत्या देशात आहात ते विचारतो आणि तिथे चालणारा ब्रिज निवडतो. स्वतः ब्रिज मागायचा असेल तर ईमेलने आणि टेलिग्रामवरही मागता येतो.

आता दोष. पहिला अर्थात वेग. तीन यंत्रांतून फिरून येणारे पान सावकाशच येते, आणि मध्ये स्नोफ्लेक असला तर आणखी सावकाश. वृत्तपत्राचा लेख वाचायला काही अडचण नाही, चित्रफीत पाहायची तर धीर लागतो. दुसरा दोष मला रोज अधिक छळतो : असंख्य संकेतस्थळे टॉरमधून येणाऱ्याला चोरासारखे वागवतात. तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी वाहतूक दिव्यांची चित्रे पुन्हा पुन्हा निवडायला लावतात आणि तरीही आत घेत नाहीत. आपल्याकडची काही सरकारी संकेतस्थळे परदेशी पत्त्यांना उघडतच नाहीत, त्यामुळे टॉरमधून ती मिळण्याची आशा धरू नये. बँकेचे व्यवहार तर टॉरवरून करूच नयेत. खाते अडकून पडते आणि तुमचे नाव बँकेला ठाऊक असल्याने लाभही काही नाही. तिसरी गोष्ट दोष म्हणण्यापेक्षा मर्यादा आहे, पण लोक ती विसरतात. टॉरमधून तुम्ही आपल्याच नावाच्या खात्यात शिरलात तर तुम्ही कोण हे त्या खात्याला कळतेच, आणि शेवटच्या यंत्रापासून संकेतस्थळापर्यंतची वाट टॉरच्या वेष्टनाबाहेरची असते, म्हणून पत्त्याच्या सुरुवातीचे सुरक्षित जोडणीचे चिन्ह पाहण्याची सवय हवी. शिवाय ब्रिज न वापरता जोडल्यास तुम्ही टॉर वापरता एवढे तुमच्या सेवादात्याला दिसते. गुन्हेगारही टॉर वापरतात हे खरे आहे, आणि त्यांच्या बेकायदा मालाच्या मोठ्या ऑनलाइन बाजारांपर्यंत पोलीस जुन्या पद्धतीच्या तपासाने पोहोचलेही आहेत. त्यासाठी सगळ्यांची वाट बंद करणे मला मान्य नाही.

आपल्याकडे याचा काय उपयोग, असे मला मित्र विचारतात. माझा स्वतःचा पहिला उपयोग अगदी साधा होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये मला व्हीएलसी हा चित्रफिती दाखवणारा प्रोग्रॅम नव्या संगणकावर हवा होता आणि त्याचे अधिकृत संकेतस्थळ माझ्या घरच्या जोडणीवर उघडत नव्हते. ते त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून भारतात अडवलेले होते आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. टॉरमध्ये ते लगेच उघडले. जगभर कोट्यवधी लोक वापरतात अशा निरुपद्रवी प्रोग्रॅमचे पान का अडवले हे वाचकाला कळायला काही मार्ग नव्हता, आणि यामागे आपल्या कायद्याची रचना आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली केंद्र सरकार संकेतस्थळे अडवू शकते आणि २००९ च्या नियमांतील सोळावा नियम त्या तक्रारी व कारवाया गोपनीय ठेवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांबद्दल शिक्षा सांगणारे कलम ६६-अ रद्द झाले पण ६९-अ टिकले.

व्हीपीएनच्या बाबतीत सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढून सेवादात्यांना ग्राहकांची नावे, पत्ते, संपर्क आणि दिलेले आयपी (इंटरनेटवरील) पत्ते किमान पाच वर्षे जपून ठेवण्यास सांगितले. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी त्यानंतर भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. नोंदी न ठेवणे हेच ज्या सेवेचे वचन आहे तिला नोंदी ठेवायला सांगणे म्हणजे ती सेवा नको असे सांगणेच झाले. टॉरमध्ये नोंदणीच नसल्याने जपून ठेवण्याजोगी ग्राहकांची यादी अस्तित्वात नाही. भारतात टॉर वापरण्यास बंदी करणारा सर्वसाधारण कायदा नाही. जम्मू-काश्मीरमध्ये मात्र जिल्हा प्रशासनांनी वेळोवेळी व्हीपीएन वापरावर बंदीचे आदेश काढले आहेत, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये श्रीनगरच्या सायबर पोलिसांनी व्हीपीएनद्वारे समाजमाध्यमे वापरण्याच्या प्रकरणी गुन्हाही नोंदवला होता. तिथे जाणाऱ्याने त्या वेळचा आदेश पाहूनच काय ते ठरवावे.

एका ठिकाणी हे साधन पूर्णपणे हतबल आहे आणि ते मराठी वाचकाला नीट कळले पाहिजे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात दंगलीनंतर इंटरनेट बंद करण्यात आले तेव्हा तिथल्या एका नातेवाइकाने मला टॉर कसा बसवायचा हे फोनवरून विचारले. मला सांगावे लागले की उपयोग नाही. संकेतस्थळ अडवलेले असते तेव्हा रस्ता असतो आणि त्यावर नाके असते. टॉर त्या नाक्याला वळसा घालतो. इंटरनेटच तोडल्यावर रस्ताच उरत नाही. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून आधी काहीच नाही, मग जानेवारी २०२० मध्ये ठरावीक संकेतस्थळांपुरते टू-जी आणि थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये फोर-जी, असा प्रवास झाला. अशा वेळी उपयोगी पडते ते न्यायालय. सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालाने इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत असे सांगितले. त्या आदेशांची प्रसिद्धी प्रत्येक जिल्ह्यात मागत राहणे हे काम कोणत्याही ॲपकडून होणारे नाही.

ज्यांना कामासाठी किंवा शिकण्यासाठी चीन, इराण किंवा रशियात जायचे आहे अशा मराठी मंडळींना माझी सूचना आहे, की टॉर ब्राउझर निघण्यापूर्वीच उतरवून घ्यावा आणि त्याची अधिकृत डिजिटल सही (फाइल अस्सल असल्याची खूण) तपासून पाहावी, कारण तिथे गेल्यावर अधिकृत संकेतस्थळ उघडेल याचा भरवसा नाही आणि अनोळखी ठिकाणाहून घेतलेल्या फाइलमध्ये काय असेल ते सांगता येत नाही. एकदोन ब्रिज आधीच मागून ठेवावेत. तिथला कायदा या साधनांबद्दल काय म्हणतो ते आधी वाचावे. इराणमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून परवान्याविना अशी साधने वापरण्यास मनाई आहे आणि रशियात मार्च २०२४ पासून त्यांच्या वापराची माहिती प्रसृत करणेही बेकायदा आहे. आणि फाइल नेणे धोक्याचे वाटत असेल तर नेऊ नये : टॉर प्रकल्पाच्या 'गेटटॉर' सेवेला ईमेल पाठवला की ब्राउझर उतरवण्याचे, सहजी न अडवता येणारे दुवे उत्तरात येतात.

आमच्या विद्यार्थिनीने शिक्षण संपवून परत जाताना हेच केले. विमानतळावर लॅपटॉप उघडायला लावतील या भीतीने निघण्याच्या आदल्या रात्री तिने टॉर ब्राउझर काढून टाकला, ब्रिजचे पत्ते पुसले आणि गेटटॉरचा पत्ता मात्र काकूंनी दिलेल्या थालीपिठाच्या कृतीच्या वहीत, भाजणीच्या प्रमाणाखाली पेन्सिलीने लिहून घेतला. पोहोचल्यावर बाराव्या दिवशी तिचा ईमेल आला. तो स्नोफ्लेकवरून पाठवला आहे, असे तिने शेवटच्या ओळीत लिहिले होते.